सहीच्या आधी भांड

विश्रामबाग, सांगली

प्रिय बाळ,

रविवारी तू गेलीस तेव्हा भडंगाची ताटली तशीच भरलेली होती. काकूने ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "पोरगी भांबावून आली होती, आणि तुम्ही तासभर स्वतःचंच दळण दळलंत." खोटं नाही. म्हणून आता लिहितोय. यातही माझंच दळण येईल, पण निदान तुला ते मध्येच घडी घालून ठेवता येईल.

तू विचारलंस, "काका, मी नक्की कुणाच्या बाजूची? ज्यांनी पैसे दिले त्यांच्या, की ज्यांच्यासाठी दिले त्यांच्या?" दात्या देशाने दुसऱ्या एका देशातल्या कामासाठी तुमच्या संस्थेकडे सांभाळायला दिलेला तो फंड बंद व्हायला चार महिने उरलेत आणि तिसरा हिस्सा पैसा पडून आहे. दात्या देशाचा अधिकारी फोनवर म्हणतो, आमच्या राजधानीत अभ्यासदौरा घ्या, पैसे संपतील आणि फोटोही होतील. तिकडचं आरोग्य खातं म्हणतं, मुदत वाढवा, नर्सचं प्रशिक्षण अर्धवट राहिलंय. तुझ्या मॅडम म्हणतात, दात्याला दुखवू नकोस, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच दारात जायचंय.

तू दोघांच्याही बाजूची नाहीस. तू कराराच्या बाजूची. म्हणून तर मी विचारलं, उद्देशाचं कलम नेमकं काय म्हणतं आणि मुदत कुणाच्या सहीने वाढते? तू म्हणालीस, "बघून सांगते." तिथे माझा आवाज चढला. पण बाळ, दीड वर्षं तो फंड तुझ्या टेबलावर आहे! सारांशाची दोन पानं वाचलीस, माहीत आहे. सगळे तेवढंच वाचतात.

चूक तुझ्या एकटीची नाही. तो करार तुझ्या आधीच्या कुणीतरी केला आणि जे भांडून मिटवायचं ते गोड शब्दांखाली झाकून ठेवलं. 'परस्पर सल्लामसलतीने ठरविण्यात येईल.' हे वाक्य दिसलं की समज, इथे भांडण टाळलंय आणि ते आता तुझ्या वाट्याला आलंय. माझ्या सगळ्या नोकरीचं गाठोडं सोडलं तर आत एकच गोष्ट निघेल: सहीच्या आधी भांड, सही झाली की पाळ. लोक नेमकं उलटं करतात. सहीच्या दिवशी हसत फोटो काढतात आणि पुढची पाच वर्षं ईमेलवर कुरकुरत बसतात.

माझे वडील इथल्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीची गाडी दारात लागली की पोतं उतरायच्या आधी शेतकऱ्याला सांगायचे: अडत इतकी, हमाली इतकी, तोलाई इतकी, पैसे अमुक दिवशी. कधी कधी गाडी तशीच वळून शेजारच्या दुकानात जायची. मालक तडकायचा. वडील म्हणायचे, हिशेबाची पट्टी हातात दिल्यावर भांडण्यापेक्षा हे बरं. ट्रस्ट फंडात तरी वेगळं काय असतं? माल दुसऱ्याचा, सांभाळणार आपण, त्याची कपात आपली. व्यवस्थापन-खर्चाच्या टक्क्यांवरून दात्यांशी महिनोन्‌महिने घासाघीस चालायची, तेव्हा मला आमचं यार्डच आठवायचं.

आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराच्या इशाऱ्याची पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. हे आकडे पाणी आल्यावर ठरवत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा बरंच काही चुकलं, पण ४५ म्हणजे धोका की नाही यावर कुणी वाद घालत बसलं नाही. तुझ्या करारात ही रेघ कुठे मारलीय? पैसे पडून राहिले तर काय, तिकडचं सरकार पडलं तर काय, दात्याचा मंत्री बदलला तर काय?

अफगाणिस्तानच्या फंडाबद्दल तू वाचलं असशील. पुन्हा वाच. २००२ पासून अनेक देशांचा पैसा त्या एका ट्रस्ट फंडात जमा व्हायचा आणि जागतिक बँक तो सांभाळायची. कुणाही दात्याला सगळीच्या सगळी रक्कम आपल्या आवडीच्या कामाला बांधता यायची नाही; फार तर वर्षाच्या निम्म्या रकमेपुरती पसंती कळवता यायची. असली अट आपसूक कागदावर येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं आणि पैसे वाटणं थांबलं. फंडात पैसा, बाहेर उपासमार. डिसेंबरमध्ये दात्यांनी मिळून २८ कोटी डॉलर युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रमाकडे वळवायला संमती दिली. उपाशी माणसाला चार महिने फार झाले, मला मान्य आहे. पण कुणाच्या संमतीशिवाय तो पैसा हलणार नाही, एवढं तरी माहीत होतं. ज्या करारात तेही लिहिलेलं नसतं, तिथले चार महिने मी पाहिलेत.

आता ते सांगतो. रविवारी बोलणं इथवर आलं आणि मी विषय बदलला होता.

एका लहान देशात पाणीपुरवठ्याचं काम होतं. दात्याचं आर्थिक वर्ष संपत आलेलं, करार घाईत झाला आणि खर्चाच्या कलमात 'प्रशिक्षण' एवढाच शब्द पडला. सुट्या भागांवाचून पंप बंद आहेत हे मी डोळ्यांनी पाहून आलो होतो. पण फंड आणल्याचं कौतुक होणार होतं, म्हणून सही होऊ दिली. सहा महिन्यांनी दात्याच्या अधिकाऱ्याला फोन केला. माणूस भला. म्हणाला, घ्या की सुटे भाग, पंप चालल्याशिवाय प्रशिक्षण कसलं देणार? मी तेच तिकडच्या संस्थेच्या हिशेबनिसाला फोनवर सांगितलं. त्याने माझ्या शब्दावर खरेदी केली. पंप चालू झाले, पाणी आलं. वर्षभराने तो अधिकारी बदलून गेला, ऑडिट आलं आणि सगळा खर्च अपात्र ठरला. संस्थेला पैसे परत भरावे लागले. हिशेबनिसाची नोकरी गेली. माझ्या केसालाही धक्का लागला नाही, कारण माझ्या नावाचा कागदच कुठे नव्हता.

त्याचं एक पत्र आलं होतं. त्यात शिव्या नव्हत्या, तुम्ही ते लेखी का दिलं नाहीत एवढंच विचारलं होतं. मी उत्तर पाठवलं नाही.

त्यानंतर मात्र मी भांडू लागलो, आणि जरा जास्तच. एका मोठ्या दात्याची अट होती की यंत्रं आमच्याच देशातल्या कंपन्यांकडून घ्या. मी म्हटलं, ही ओळ काढा, नाहीतर फंड नको. ओळ निघाली नाही. फंड दुसरीकडे गेला. आमच्या साहेबांनी वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं, बढतीच्या यादीतून नाव उडालं. मी बरोबर होतो. खुल्या निविदेत तीच यंत्रं स्वस्त पडली असती आणि प्रत्येक सुट्या भागासाठी त्या देशाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. मी बरोबर होतो. त्या गावांना पाणी तीन वर्षं उशिरा मिळालं हेही खरं, आणि ते काकूलासुद्धा मी अलीकडेच सांगितलं. तरी पुन्हा वेळ आली तर तेच करीन. हट्ट म्हण हवं तर.

तू रयतच्या शाळेतली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊरावांच्या लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, हे तुला मी सांगायला नको. त्या पैशाला अट नव्हती, कारण तो घरचा होता. बाहेरचा पैसा अट घेऊनच येतो, त्याचा राग धरू नकोस. २००५ साली पॅरिसमध्ये देणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांनी मिळून जाहीर केलं की आता पद्धती जुळवून घेऊ, घेणाऱ्याच्या योजनेला धरून चालू. तरी तू आज एकाच कामाचे तीन नमुन्यांत तीन अहवाल लिहितेस. कारण तीन करारांत तिघांनी आपापला नमुना घातला तेव्हा, "एकच चालेल" असं म्हणून टेबलावर हात आपटणारं कुणी नव्हतं.

अभ्यासदौऱ्याचं गूढ काही नाही. मार्चएंड! आपल्याकडे मार्चमध्ये रस्ते उकरतात, तसंच. जपान आणि ब्रिटन सरकारचं वर्ष मार्चअखेर संपतं, जागतिक बँकेचं जूनअखेर, अमेरिकी सरकारचं सप्टेंबरात, जर्मनीचं डिसेंबरात. म्हणजे कुणाचा ना कुणाचा मार्चएंड बारमाही चालूच. आणि दात्यांच्या परिषदेत जाहीर होऊन टाळ्या घेणारा आकडाही धरून चालू नकोस. त्यावर त्यांच्या संसदेची मंजुरी, मग करार, मग हप्ता. तेवढ्यात युरो घसरला तर डॉलरच्या खात्यात येणारे पैसे कमीच. खात्यात दिसेल त्यावरच कामं कबूल कर.

आता तुझं. आज रात्रीच त्या अधिकाऱ्याला चार ओळी पाठव: अमुक तारखेला आपलं फोनवर असं बोलणं झालं, हा दौरा करारातल्या कुठल्या कलमात बसतो ते लेखी कळवावं. मॅडमना प्रत ठेव. लेखी मागितलं की निम्मे अभ्यासदौरे तिथेच रद्द होतात. आरोग्य खात्याकडून मुदतवाढीची मागणीही लेखी घे, किती नर्स राहिल्यात आणि किती महिने लागतील या आकड्यांसकट. 'लवकरात लवकर' असला शब्द आला तर पत्र परत पाठव.

आणि परत जायच्या आधी तो करार छापून इथे घेऊन ये, सगळा, परिशिष्टांसकट. गुरुवारी मी घरीच आहे. अक्षर मोठं ठेव, माझा डावा डोळा आता कामातून गेलाय. भडंग काकूने डब्यात भरून ठेवलंय.

तुझा,
काका