डोंगल नव्या लॅपटॉपवर नेताय?

विंडोज ७ वरचा डोंगल (सिम घालून यूएसबीला लावायचा, नेटसाठीचा) विंडोज ११ वर न्यायचाय ना, होईल, फार अवघड नाही. फक्त जुन्या सी ड्राइव्हमधला डोंगलच्या सॉफ्टवेअरचा अख्खा फोल्डर कॉपी करून आणू नका. नवशिके हमखास हेच करतात. फाइली येतात, रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपली सेटिंग्ज ठेवतं त्या जागेतल्या) नोंदी मागेच राहतात आणि ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला डोंगल वापरता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, बसत नाही. शिवाय विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, ३२ बिटचा ड्रायव्हर तिथे चालतच नाही. ड्रायव्हर नवाच घ्यायचा. जुन्या मशीनवरून आणायची ती सेटिंग्ज.

१. एपीएन (सिम कंपनीच्या नेटला जोडणारं नाव), डायल नंबर (बहुधा *९९#), युजरनेम आणि पासवर्ड कागदावर उतरवा. एपीएनमधलं एक अक्षर चुकलं तरी नेट लागत नाही, आणि माणूस उगाच ड्रायव्हरला दोष देत बसतो.
२. ड्रायव्हर आधीच मोबाइल हॉटस्पॉटवरून डाउनलोड करून ठेवा. नेट डोंगलवर आणि डोंगल ड्रायव्हरवर अडलेला, असं नको.
३. डोंगल लावल्यावर मोडेमऐवजी (नेट जोडणाऱ्या उपकरणाऐवजी) सीडी ड्राइव्ह दिसली तर तो बिघडला असं समजू नका. बऱ्याच डोंगलमध्ये त्यांचं सॉफ्टवेअर त्या सीडीतच असतं; ते बसवलं की मोडेम दिसू लागतो.

जुना ३जी डोंगल असेल तर जिओचं सिम घालून वेळ घालवू नका, जिओचं ३जी नेटवर्कच नाही.

एटी कमांड (मोडेमला थेट टाइप करून द्यायच्या आज्ञा) वगैरे आत्ता राहू द्या. अडलात तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) पिवळं चिन्ह कशावर दिसतंय, तेवढं सांगा.