2147483647 ही संख्या संगणकात सगळीकडे का दिसते? ती मूळ संख्या आहे म्हणून का?

नाही. ती मूळ नसती तरी तिथेच दिसली असती. संगणक पूर्णांक बहुधा 32 बिटांत (0 किंवा 1 च्या 32 जागांत) ठेवतो; त्यांतला एक बिट धन-ऋण चिन्हाला गेला की उरलेल्या 31 बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या 2³¹ − 1, म्हणजे हीच.

माझी तिच्याशी ओळख पहिल्या नोकरीत झाली. ग्राहकांच्या यादीत शेकडो लोकांचा मोबाइल नंबर एकच: 2147483647. कुणीतरी (बरं, मीच) तो रकाना साध्या इंटिजरचा, म्हणजे याच 32 बिटांच्या पूर्णांकाचा, ठेवला होता. आपले दहा आकडी नंबर 6, 7, 8 नाहीतर 9 ने सुरू होतात, त्यामुळे एकही त्यात मावेना. डेटाबेसने हूं की चूं न करता सगळ्यांना कमाल मर्यादेवर नेऊन बसवलं.

मूळ असण्याची गोष्ट वेगळी, आणि जास्त गमतीची. 2ⁿ − 1 मूळ असायला n मूळ लागतो, पण तेवढ्याने भागत नाही: 2¹¹ − 1 = 2047 = 23 × 89. 31 च्या बाबतीत जमतं, हे गणितज्ञ ऑयलर यांनी 1772 मध्ये बेर्नुली या दुसऱ्या गणितज्ञांना पत्राने कळवलं. तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. वर्गमूळ 46340 च्या थोडं पुढे, म्हणजे तिथपर्यंतच्या सुमारे 4800 मूळ संख्यांनी भागून बघायचं. पण p हा मूळ विभाजक असेल तर p ने भागताना 2³¹ ची बाकी 1 येते, म्हणून p − 1 ला 31 ने भाग जायलाच हवा. शिवाय 2³² ची बाकी 2, म्हणजे 2 ही p च्या हिशेबात वर्गसंख्या ठरते (2¹⁶ च्या वर्गाला p ने भागून 2 उरतात). तसं असेल तर p ला 8 ने भागून बाकी 1 किंवा 7 च येते. दोन्ही अटी जोडल्या की p फक्त 248k + 1 किंवा 248k + 63 या रूपाचा. उरले जास्तीत जास्त 372 भागाकार! मला या संख्येचं सगळ्यात जास्त कौतुक इथे वाटतं.

तिला 2³⁰ ने गुणलं की 19 आकडी परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी) मिळते. 1811 मध्ये गणितज्ञ पीटर बार्लो यांनी लिहून टाकलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या नुसत्या कुतूहलाच्या, बिनकामाच्या. शोधत कोण बसणार? 1876 मध्ये ल्युका यांनी 2¹²⁷ − 1 मूळ असल्याचं दाखवलं आणि तिच्यातून पुढची मोठी मिळालीच.

बिनकामाची म्हणाल तर एका जागी ती मूळ आहे म्हणूनच निवडली गेली: यादृच्छिक (रँडम) संख्या बनवताना. 1 ते 2147483646 मधली कोणतीही संख्या घ्या, 16807 ने (म्हणजे 7⁵ ने) गुणा, 2147483647 ने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. 1 पासून 2147483646 पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच येते, मगच चक्र पुन्हा सुरू होतं. आणि 2³¹ ची बाकी 1 असल्याने खरा भागाकार करावाच लागत नाही. 31 च्या वरचे बिट खाली आणून मिळवायचे.