हुआयरा की वायरा, आणि आपल्या वाऱ्याशी नातं काय?

प्रश्न असा आलाय की पगानी या इटालियन कंपनीच्या त्या हुआयरा गाडीचं नाव म्हणे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगररांगांमधल्या वाऱ्याच्या देवावरून आहे, तर मराठीत हुआयरा लिहायचं का वायरा, आणि हा आपल्या 'वारा'चा कुणी लांबचा भाऊ लागतो का.

नावाचं खरंय. 2011 ची गाडी, मालक होरासिओ पगानी मूळचे अर्जेंटिनाचे, आणि आधीचं मॉडेल झोंडा, तेही तिकडच्या एका वाऱ्याचंच नाव.

लिहायचं मात्र वायरा. हा शब्द क्वेचुआ या अँडीजमधल्या भाषेतला, आणि तिच्यात तो साधा ओठ गोल करून म्हटलेला व आहे. स्पॅनिश लोकांकडे त्याला वेगळं अक्षर नव्हतं म्हणून ते एच-यू लिहायचे, एच त्यांच्याकडे मुका, म्हणजे तेही वाचायचे वायराच, आपण इंग्रजी डोळ्यांनी बघतो आणि हुआ हुआ करत बसतो. इंका राजा आताहुआल्पाचंही तेच, तो आतावाल्पा. पेरूने 1975 मध्ये क्वेचुआला अधिकृत भाषा केलं तेव्हाच्या वर्णमालेत सरळ डब्ल्यू घेतला. आणि 'पायरी' आपण जसं पाय्‌री म्हणतो तसंच हे वाय्‌रा, वेगळं काही शिकायला नको.

आता नातं. वायरा, वारा, गुजराती वायरो, ऐकायला सख्खी भावंडं वाटतात पण योगायोग आहे हो. आपले वायू, वात हे सगळे 'वा' म्हणजे वाहणे या धातूचे, इंग्रजी विंडसुद्धा त्याच घरचा, क्वेचुआ त्या कुटुंबातच नाही. आयमारा या क्वेचुआच्या शेजारच्या भाषेत तर वाऱ्याला थाया असाही शब्द आहे, वारा पण तोच आणि थंडी पण तोच, तिकडच्या पठारावर दोन्ही एकदमच अंगावर येत असणार. (तो थ आपल्यासारखाच महाप्राण बरं का, देवनागरीत फुकटात लिहिता येतो.)

मला खरी मजा क्वेचुआतल्या वायराचीना या शब्दात येते. वायरा + ची + ना, यातला 'ची' म्हणजे आपल्या करणे-करवणेमधला प्रयोजक, 'ना' म्हणजे साधन, थोडक्यात वारा लावायची वस्तू. वायराचीय म्हणजे धान्य उफणणे, आणि बोलिव्हियातल्या पोतोसीला 1545 मध्ये चांदी सापडल्यावर डोंगरउतारावर ज्या मातीच्या भोकाभोकाच्या भट्ट्या लावायचे, भाता नाही काही नाही, नुसत्या वाऱ्यावर पेटायच्या, त्यांनाही वायराचीनाच म्हणायचे. भूस उडवणारा आणि चांदी वितळवणारा वारा एकाच शब्दात.

देवाचं पूर्ण नाव वायरा ताता. कथेत हा डोंगरमाथ्यावर नाहीतर खोल कपारीत राहतो, वावटळ होऊन बाहेर येतो, तितिकाका सरोवराचं पाणी उचलतो आणि बायकोवर, म्हणजे जमिनीवर, पाऊस पाडतो, झोपला की सरोवर शांत. भाषांतरात बहुतेक जण वायुदेव लिहितात, मला ते पटत नाही. ताता म्हणजे बाप, आणि कुठल्याही वडीलधाऱ्या माणसालाही ताता म्हणतात, घरातला शब्द आहे तो. आपल्याकडे असा 'बा' आहेच की, विठोबा, वाघोबा, चांदोबा. मग हा वारोबा!

बायकोचं नाव तेवढं जपून लिहा, पाचामामा म्हणजे धरणीमाय, पण मराठी वाचक तिला आईचा भाऊ समजून बसेल.