चौकशी म्हणजे दरडावणी नव्हे

प्रश्न असा आला आहे : ‘१९१० ते १९३५ या काळातल्या नागरी विमान-अपघातांवर लेख लिहितो आहे. अपघातानंतर कारण शोधण्याचं जे काम चालतं त्याला चौकशी म्हणावं, तपास म्हणावं की अन्वेषण? आणि अपघात की दुर्घटना?’

अन्वेषण आधी निकालात काढू. अनु + एषण, मागोमाग जाऊन शोधणं. अर्थाला खोट नाही, पण हरवलेल्या किल्ल्यांचं अन्वेषण कोणी करत नाही. हा शब्द हिंदी सरकारी पाट्यांवरून आपल्या वर्तमानपत्रांत उतरला. ‘तपास’ परका म्हणून अन्वेषण वापरा, असा आग्रह धरणारे शुद्धिवादी मला भेटतात. तपास अरबी ‘तफह्हुस’वरून आलेला दिसतो, हे मान्य. पण तारीख, वकील, अर्ज, हजर हेही तिकडचेच. त्यांना कुठे पाठवणार? आग्रह धरणारे स्वतः मात्र ‘अर्ज’ करूनच रजा घेतात.

आता माझ्या रागाचा विषय. बातम्यांत ‘चौकशी’ हा शब्द दम भरल्यासारखा वापरतात. चौकशी लागली, चौकशीचा ससेमिरा, वैमानिकाची चौकशी होणार. जणू चौकशी म्हणजे समोर एक माणूस बसवायचा आणि त्याच्यावर दिवा मारायचा. मग कोणीतरी शहाणा सुचवतो की, विमानाच्या बाबतीत ‘चौकशी’ नको, तो शब्द पोलिसी वाटतो. अरे, शब्द पोलिसी नाही, तुम्ही केलात. एस.टी. स्टँडवरची चौकशीची खिडकी आणि पाहुण्यांच्या तब्येतीची चौकशी हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. मूळ पाहू.

चौकशी हे चौकस या विशेषणाचं नाम. मराठीत ‘ई’ पुढे आली की ‘स’चा ‘श’ होतो : म्हैस, म्हशी, माणूस, माणशी, तसंच चौकस, चौकशी. इथपर्यंत वाद नाही. वाद ‘चौकस’च्या फोडीत आहे. चौ म्हणजे चार, कस म्हणजे कसलेला, आवळलेला. चारी बाजूंनी आवळलेला तो चौकस, असं जाणकार सांगतात आणि हात झटकतात. मला हे कधीच पटलेलं नाही. चारी बाजूंनी आवळलेला माणूस गुदमरतो, चौकस होत नाही.

माझं म्हणणं असं की हा ‘कस’ सोनाराचा आहे. संस्कृत कष म्हणजे घासणं, त्यावरून घासून पाहायचा दगड. कसोटीतला ‘कस’ तोच, ‘कसाला लागणे’मधलाही तोच. आणि ‘चौ’ का? चाणक्याच्या नावावर चालणारी ओळ आठवा : ‘यथा चतुर्भिः कनकं परीक्ष्यते निघर्षणच्छेदनतापताडनैः’. सोनं चार प्रकारे पारखतात : घासून, कापून, तापवून, ठोकून. चार कस लावणारा तो चौकस!

नुसती कल्पना म्हणाल, तर गुजरातीकडे या. गुजरातीत चोकस म्हणजे नक्की, अचूक. आणि चोकसी? सोन्याचांदीचा कस पाहणारा पारखी. मुंबईत जव्हेरी बाजाराच्या आसपास चोक्सी आडनाव काय कमी दिसतं? शेजारच्या भाषेत जो शब्द थेट सोन्याच्या पारखीला लागला, तोच आपल्याकडे कोणत्याही गोष्टीच्या पारखीला लागला, असं मानायला काय हरकत आहे? एका विद्वानांनी मला सुनावलं की आधी ‘नक्की’ हा अर्थ आला, पारखी मागाहून झाला. असेल. पण नक्की काय आहे हे कळतं कशानं? पारखल्यानंच ना? गाडी फिरून माझ्याच दारात येते.

आणि म्हणूनच विमान-अपघाताला हा शब्द चपखल बसतो. अपघाताची कारणं शोधण्याचा धंदा माणसापासून सुरू झाला आणि धातूवर आला. १३ मे १९१२ रोजी इंग्लंडात ब्रुकलंड्सला फ्लँडर्स मोनोप्लेन कोसळलं, वैमानिक फिशर आणि प्रवासी मेसन दोघंही गेले. रॉयल एअरो क्लब या तिथल्या उड्डाण-हौशींच्या संस्थेच्या समितीनं प्रत्यक्षदर्शींच्या जबान्या तपासल्या आणि नागरी विमान-अपघातावरचा पहिला म्हणता येईल असा अहवाल दिला. निष्कर्ष काय? चूक वैमानिकाचीच. शेपूट खाली झुकलेल्या अवस्थेत वळण घेण्यातला धोका त्यानं पुरेसा ओळखला नाही. असेलही चूक. पण बोलणारे जिवंत आणि ज्याच्यावर ठपका तो मेलेला, अशी ती चौकशी. घासून पाहिलं, बाकीचे तीन कस राहिले.

आता १९३०. २१ जुलैला फ्रान्समधल्या ल तुकेहून लंडनजवळच्या क्रॉयडनला निघालेलं युंकर्स एफ-१३ विमान इंग्लंडच्या केंट परगण्यात मेपम गावावर हवेतच मोडलं. सहा जण मेले. त्यांत डफरिनचे मार्क्विस होते, आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन गेलेल्या डफरिनसाहेबांचे चिरंजीव. इथे कोणा एकावर ठपका ठेवून मोकळं होता आलं नाही. विमानाच्या नमुन्यावर विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडलेल्या बोगद्यात, प्रयोग झाले आणि कारण काढलं ते असं की, पंखावरून सुटलेल्या अस्ताव्यस्त हवेनं शेपटाला तडाखे बसत गेले, शेपूट गेलं आणि मग बाकीचं विमान. ताडन म्हणतात ते हेच, फक्त इथे हवेनं केलेलं. पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं : अहवाल छापून लोकांसमोर ठेवला. तोवर ब्रिटनमध्ये असे अहवाल खात्याच्या कपाटात राहत.

अमेरिकेतही तेच दुखणं होतं. १९२६च्या कायद्यानं वाणिज्य खात्यावर अपघातांची कारणं शोधायची जबाबदारी टाकली, पण खातं निष्कर्ष गुप्त ठेवी. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमध्ये फोकर एफ-१० विमान पडलं. आठ जण गेले, त्यांत नोट्र डेम विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी. माणूस इतका लोकप्रिय की लोक खात्याच्या मागेच लागले. खात्यानं आधी प्रॉपेलरवरच्या बर्फाकडे बोट दाखवलं, मग बोट लाकडी पंखाकडे वळवलं. आत ओल शिरून पंखाचे सांधे सुटले होते. वरून लाकूड धडधाकट दिसत होतं, कापल्याशिवाय ते कळणार नव्हतं. छेदन!

आपल्या अंगणातलं उदाहरणही घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमानातून. त्याच सुमारास जगात ठिकठिकाणी पस मॉथ विमानं हवेत मोडत होती आणि तज्ज्ञ एकेका मोडलेल्या पंखाचा कस लावत बसले होते. शेवटी पंखाला तोलून धरणाऱ्या पुढच्या दांड्याला एक जोडदांडा देऊन मजबुती आणली.

तर चौकशी बरोबर. मग तपास चूक का? मुळीच नाही. उलट या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर मराठी शब्द तिथूनच येतो : तपासनीस. यातला ‘नीस’ फारसी नवीसवरून, लिहिणारा. चिटणीस, फडणीस यांचा भाऊबंद. तपास करून जो लिहून ठेवतो तो तपासनीस. १९१५ साली ब्रिटननं रॉयल फ्लाइंग कोअर या लष्कराच्या विमानदलात कॅप्टन जॉर्ज कॉकबर्न यांना नेमलं, त्यांच्या हुद्द्याचं मराठी ‘अपघात-तपासनीस’ याहून नेमकं होणार नाही. (हे कॉकबर्न १९०९च्या फ्रान्समधल्या ऱ्हान्सच्या विमान-मेळाव्यातले एकमेव ब्रिटिश वैमानिक.) ‘अन्वेषक’ म्हणून पाहा. डोळ्यांपुढे भिंग घेतलेला कोणीतरी येतो, लिहीत मात्र नाही.

प्रश्नकर्त्याला उत्तर हवं आहे, तेव्हा फरक असा करावा. मोडतोडीजवळ जाऊन इन्स्पेक्टर करतो तो तपास. साक्षीदार, वकील, अध्यक्ष आणि बघे असं सगळं मांडून होते ती जाहीर चौकशी. हा फरक त्या काळात खरोखरच होता. २४ डिसेंबर १९२४ला क्रॉयडनहून उडताच इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीचं डी.एच. ३४ विमान पडून आठ जण मेले, तेव्हा ब्रिटनमध्ये नागरी विमान-अपघाताची पहिली जाहीर चौकशी झाली. १९३०च्या ऑक्टोबरात कराचीकडे निघालेलं आर-१०१ हे हलक्या वायूवर तरंगणारं हवाईजहाज फ्रान्समध्ये बोव्हेजवळ जळून ५४ पैकी ४८ माणसं गेली. त्या चौकशीचे अध्यक्ष कोण असतील? सर जॉन सायमन. हो, तेच, ज्यांना दोन वर्षांपूर्वी आपण काळे झेंडे दाखवून परत जायला सांगितलं होतं. विमानाच्या बाबतीत मात्र साहेबांनी डाव्या-उजव्या हाताला तज्ज्ञ बसवून बऱ्यापैकी कस लावला. आपल्या १९३७च्या विमान-नियमांतही इन्स्पेक्टरचा तपास निराळा आणि न्यायालयापुढची रीतसर चौकशी निराळी होती.

दुर्घटना राहिलीच. दुर्घटना पूल कोसळण्याचीही असते, चेंगराचेंगरीचीही. विमान पडलं तर मराठीत अपघात झाला म्हणावं, आणि कोणी मुद्दाम पाडलं तर घातपात. एकाच ‘घात’वरून दोन्ही सोयी झालेल्या असताना उसनवारी कशाला? फक्त लेख गुजरातीत जाणार असेल तर अनुवादकाला सांगून ठेवा. तिकडे ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या. आपल्या अपघाताला ते ‘अकस्मात’ म्हणतात. नाहीतर बिचाऱ्या फिशरवर १९१२मध्ये बसला त्याहून मोठा ठपका बसेल.