नवऱ्याच्या वकिलाने घटस्फोटाचे कागद पाठवलेत, भाषा कळत नाही, सही करू का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दीड वर्ष माहेरी आहात, नवऱ्याच्या वकिलाने कुरियरने तीन कागद पाठवलेत (स्टॅम्पपेपरवरचा फारकतनामा, संमतीच्या घटस्फोटाचा टाईप केलेला अर्ज आणि एक कोरं वकीलपत्र) आणि फोनवर सांगतायत की तिन्हीवर सह्या करा, बाकी आम्ही बघतो, तुम्हाला कोर्टात यायची पण गरज नाही. शिवाय तुम्ही विचारलंय की आम्ही वेगळे राहतोच आहोत तर 'लीगल सेपरेशन' आपोआप झालं का.

आज कशावरच सही करू नका. उद्या केली तरी काही बिघडत नाही, पण आज न वाचता केली तर बरंच बिघडू शकतं. मी वकील नाही. माझा संमतीने घटस्फोट २०१९ ला पुण्यात फॅमिली कोर्टात झाला आणि न वाचता सही केलेल्या दोन ओळी मला पुढे फार महाग पडल्या, म्हणून एवढं लांब लिहितेय.

आधी तो स्टॅम्पपेपर. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर घटस्फोट फक्त कोर्ट देतं. स्टॅम्प शंभरचा असो नाहीतर पाचशेचा, त्यावर नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, फोटो, अंगठे सगळं असलं तरी त्याने लग्न मोडत नाही. काही समाजात रूढीने सोडचिठ्ठी चालते आणि कायद्यात त्याला जागा आहे (कलम २९), पण ती रूढी आपल्या समाजात खरंच पूर्वापार चालत आलीय हे वेळ आली की कोर्टात सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे कित्येक गावात अजून फारकतनामा केला की मोकळे झालो असं समजतात आणि लगेच दुसरं लग्न लावून देतात, आणि मग पहिलं लग्न कायद्याने उभंच असल्यामुळे तो गुन्हा होतो (पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४९४ कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ८२). हा कागद बाजूला काढून ठेवा, फाडू नका, पुढे कामाला येईल.

आता वेगळं राहण्याचं. माहेरी राहणं म्हणजे नुसतं वेगळं राहणं. न्यायिक फारकत, म्हणजे तुम्ही म्हणताय ते 'लीगल सेपरेशन', ही वेगळी गोष्ट आहे, कलम १० खाली कोर्टात अर्ज करून मिळते, त्यात लग्न तसंच राहतं, फक्त एकत्र राहायचं बंधन जातं, दुसरं लग्न करता येत नाही. ती तुमची झालेली नाही. पण घाबरू नका, संमतीच्या घटस्फोटासाठी ती लागत पण नाही. कलम १३-ब ला एवढंच हवं असतं की दोघं वर्षभर किंवा जास्त नवराबायको म्हणून एकत्र राहिलेले नाहीत, आता एकत्र राहणं शक्य नाही आणि दोघांनी मिळून ठरवलंय. तुमचं दीड वर्ष झालंय म्हणजे ती अट बसते.

आणि "कोर्टात यायची गरज नाही" हे तर मुळीच मनावर घेऊ नका. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं असतं आणि मग अठरा महिन्यांच्या आत परत दोघांनी मिळून सांगायचं असतं की हो आमचं अजून तेच म्हणणं आहे. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सहा महिने योग्य केसमध्ये माफ करता येतात, त्यामुळे काहींचं लवकर होतं, पण तो कोर्टाचा अधिकार आहे, वकिलाने फोनवर द्यायचं आश्वासन नाही. मधे समुपदेशक बोलवतात, दोघांशी वेगवेगळं बोलतात. माझ्या वेळी त्या मॅडमनी नवऱ्याला बाहेर बसवून मला विचारलं, कुणी दबाव टाकलाय का. आणि महत्त्वाचं म्हणजे शेवटचा हुकूम होईपर्यंत तुम्ही तुमची संमती मागे घेऊ शकता, हे तुम्हाला तिकडून कोणी सांगणार नाही.

वकीलपत्र म्हणजे तुमच्या वतीने कोर्टात उभं राहायचा, अर्ज द्यायचा, तडजोड करायचा अधिकार एका वकिलाला देणं. संमतीच्या केसमध्ये दोघांचा वकील एकच असणं सर्रास चालतं, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण तुम्हाला जो वकील माहीत नाही, ज्याची फी नवरा देतोय, त्याला कोरं वकीलपत्र देऊ नका. पैशाची अडचण असेल तर तालुका किंवा जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगीच्या केसमध्ये बायकांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून, तेव्हा "फी भरायचीय" म्हणून कोणी पैसे मागितले तर कसली फी ते विचारा.

आता मुख्य कागद, तो अर्ज आणि त्यातल्या अटी, ज्यांना सगळे कन्सेंट टर्म्स म्हणतात. माझी एक मावशी कोर्टात नोकरीला होती, रिटायर झालेली. माझा ड्राफ्ट आला तेव्हा तिने पेन्सिल घेऊन बसवलं मला, आणि म्हणाली प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला तुझ्या भाषेत लिही म्हणजे काय ते, आणि क्रियापदाखाली रेघ मार. क्रियापद का, तर घटस्फोटाच्या कागदात सगळा खेळ "मिळाले आहे" आणि "मिळेल" यात असतो. मी पहिली तीन पानं तशी केली, मग कंटाळले, रडायला पण येत होतं, शेवटची दोन पानं तशीच सोडली. नेमक्या त्या दोन पानातच माझ्या दोन ओळी होत्या.

पहिली ओळ अशी, "अर्जदार क्र. २ हिला तिचे संपूर्ण स्त्रीधन मिळाले असून त्याबाबत तिची कोणतीही तक्रार राहिलेली नाही." अर्जदार क्रमांक २ म्हणजे मी. प्रत्यक्षात आईने दिलेल्या दोन पाटल्या सासूबाईंच्या लॉकरमध्ये होत्या आणि "देऊ की नंतर" असं तोंडी ठरलं होतं. सही झाली, हुकूम झाला, आणि नंतर मागायला गेले तर त्यांनी तोच परिच्छेद मला वाचून दाखवला. मी स्वतःच लिहून दिलं होतं ना मिळाल्या म्हणून. आईला मी अजून सांगितलेलं नाही.

दुसरी ओळ, "सदर सदनिकेवरील उर्वरित कर्ज अर्जदार क्र. १ फेडील." फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जात पण दोघं. मी हक्कसोडपत्र करून दिलं, फ्लॅट त्याचा झाला, मला वाटलं कर्ज पण त्याचं झालं. पण बँक काही आमच्या तडजोडीत नव्हती, तिच्यासाठी मी सहकर्जदार ती सहकर्जदारच. त्याचे हप्ते थकले आणि दोन वर्षांनी मी स्कूटीसाठी साधं लोन मागायला गेले तर नाही म्हणाले, माझा सिबिल स्कोअर (कर्ज कसं फेडलं त्यावरून बँका बघतात तो आकडा) पडलेला. घर नाही आणि घराचं कर्ज मात्र नावावर, असं झालं. क्रम उलटा हवा होता, आधी बँकेकडून माझं नाव कर्जातून काढल्याचं लेखी पत्र आणि मगच दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र. तुमच्या नावावर कुठलं कर्ज आहे का, जामीनदार म्हणून सही आहे का, हे आजच आठवून बघा.

तर तुमच्या ड्राफ्टमध्ये जिथे जिथे "मिळाले", "दिले", "पूर्ण झाले" असं भूतकाळात लिहिलंय ते आज खरंच झालंय का बघा, झालं नसेल तर सही करू नका. आणि जिथे "देईल", "करील" असेल तिथे तारीख, रक्कम, कसे देणार (डीडी की ट्रान्सफर) आणि नाही दिलं तर काय, हे लिहून घ्या. एकरकमी पैसे ठरले असतील तर बऱ्याच जणी अर्धे अर्ज दाखल करताना आणि अर्धे शेवटच्या तारखेला घेतात, शेवटचे पैसे हातात आल्याशिवाय अंतिम जबाब देत नाहीत, मला ते शहाणपणाचं वाटतं.

पोटगीची ओळ सापडली की थांबा. "भूत, वर्तमान व भविष्यकालीन पोटगीचा हक्क सोडून देत आहे" असं बहुतेक ड्राफ्टमध्ये असतंच, टाईपिस्टच्या कॉम्प्युटरमध्ये तो परिच्छेद तयारच असतो. तुम्ही काही रक्कम घेऊन तो हक्क सोडताय की फुकट सोडताय ते ठरवा. मूल आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये. असेल तर त्याच्या खर्चाचा हक्क त्याचा स्वतःचा आहे, आईने कागदावर सोडून दिला म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. ताबा कोणाकडे, भेट कोणत्या वारी किती वाजता कुठे, सुट्टीत काय, शाळेची फी कोण भरणार, हे सगळं नाव घालून लिहा. "परस्पर संमतीने ठरवतील" असं मोघम ठेवू नका. पटत असतं तर इथवर आलोच नसतो ना.

भाषेचं म्हणाल तर ड्राफ्ट इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, खालच्या कोर्टात मराठी चालते, लाजू नका. "संगनमत नाही" म्हणजे दोघांनी मिळून कोर्टाला फसवत नाही आहोत. "प्रतिज्ञापत्र" म्हणजे वरचं सगळं खरं आहे अशी शपथ, म्हणून तर वरचं वाचायचं.

आणि समजा तुम्ही सही नाकारली तर? तर ते संमतीचं राहणार नाही, नवऱ्याला कारण देऊन (क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं वगैरे) एकट्याने केस करावी लागेल आणि तुम्हाला समन्स येईल. वकिलाची नोटीस आणि कोर्टाचं समन्स यात फरक आहे, समन्सवर कोर्टाचा शिक्का, केस नंबर आणि तारीख असते. समन्स आलं तर घ्या, परत पाठवू नका, नाकारलं तरी मिळालं असंच धरतात आणि केस एकतर्फी चालू शकते. मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत तुमचं लेखी म्हणणं द्यायचं असतं. त्यातच तुम्ही पोटगी मागू शकता, केस चालू असेपर्यंतची पण (कलम २४).

हुकूमनामा झाला की त्याच्या तीन-चार नकला एकदमच काढून ठेवा, पासपोर्टला लागतात, पुढे लग्न करायचं झालं तर लागतात. आणि पीएफ, विमा, बँकेतलं नॉमिनी नाव आपोआप बदलत नाही, ते आपणच जाऊन बदलायचं.

आता तुम्ही एक करा. ड्राफ्टचे ते परिच्छेद, नावं-पत्ते झाकून, इथे टाईप करून टाका, स्त्रीधन, पोटगी आणि घर-कर्ज ज्यात आहे ते तेवढेच. मी बघते. आणि वकीलपत्रावर आधीच सही करून पाठवली असेल तर ते पण सांगा, दुसरा वकील नेमून ते रद्द करता येतं, उशीर झालाय असं समजू नका.