गेम बदलला की माणसं जातात

“मॅडम, गेम बदलला की माणसं जातात. म्हणजे ती माझ्यासाठी येतच नव्हती.”

२३ वर्षांचा मुलगा समोर बसून हे बोलला आणि गप्प झाला. लाइव्ह स्ट्रीमिंग करणारी, म्हणजे गेम खेळताना तो इंटरनेटवर थेट दाखवणारी मुलं अलीकडे माझ्याकडे समुपदेशनासाठी बरीच येतात, आणि वेगवेगळे गेम खेळायला आवडणाऱ्या प्रत्येकाचं दुखणं साधारण हेच असतं. म्हणून याची गोष्ट सांगते. त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सांगलीजवळचं गाव. दिवसा वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात, रात्री यूट्यूबवर लाइव्ह. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय हा मोबाइलवरचा गेम आला तेव्हा यानं सुरुवात केली. वर्षभरात एका वेळी दीड-दोनशे जण बघायला लागले. २०२२ च्या जुलैअखेरीस तो गेम भारतात ॲप स्टोअरवरून हटला आणि परत यायला २०२३ चा मे उजाडला. मधल्या काळात यानं माइनक्राफ्ट, जीटीए, भुताचे गेम, जे आवडेल ते खेळून पाहिलं. आकडा बारावर आला, मग सातवर. बीजीएमआय परतल्यावर आकडा थोडा वर गेला, पण आता याचंच मन त्यात रमेना.

पहिल्या भेटीला आई सोबत होत्या. म्हणाल्या, “ताई, ऐन मे महिन्यात हा पंखा बंद करून बसतो, माइकमध्ये घरघर येते म्हणून. मी पाणी द्यायला गेले तर शर्ट घामानं चिंब, आणि हा हसून विचारतोय, ‘कसे आहात मंडळी?’ मी स्क्रीनकडे बघितलं. शून्य होतं हो तिथं.” त्यांना पुढं बोलवेना.

त्याच्या त्या पहिल्या वाक्यात दोन गोष्टींचा गुंता झाला होता. माणसं जातात हे खरं. बीजीएमआय बघणाऱ्याला ॲप आणखी बीजीएमआय दाखवतं, शोधणाराही गेमचंच नाव टाकतो. पण त्यावरून ‘मी कुणाला नकोय’ हा निकाल त्यानं स्वतःच लावला होता, आणि रोज रात्री तो आकड्यात वाचत होता. मी विचारलं, “दुकानात खिळे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक रंगाचे डबे बघत बसतं का?”

“नाही. पण काही जण बसतात. बाबांशी गप्पा मारायला.”

“तुझ्याकडे असे कोण आहेत?”

त्याला एकही नाव सांगता आलं नाही. दोन वर्षं तो फक्त आकडा बघत आला होता.

मग आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. प्रेक्षकसंख्या दिसते तिथं स्क्रीनवर कागदाची पट्टी चिकटवायची. आणि दुकानातली एक उधारीची वही घेऊन, चॅटमध्ये जो बोलेल त्याचं नाव आणि त्या दिवशीचा गेम लिहायचा. सोमवार, बुधवार, शनिवार, रात्री दहा ते बारा ही वेळ मी मुख्यतः त्याच्या झोपेसाठी बांधून घेतली होती, पण तिचा प्रेक्षकांनाही उपयोग झाला. गेम कुठलाही असो, बुधवारी दहाला हा असणार हे लोकांना कळलं.

पट्टीचा पहिला आठवडा फार जड गेला. दोनदा त्यानं ती काढली. मी रागावले नाही. ज्या आकड्यावर माणूस वर्षानुवर्षं स्वतःची किंमत ठरवतो, तो असा सहज सुटत नाही.

पुढचा कुठला गेम गाजेल, याचा ध्यासही होता. त्यावर मी त्याला ‘अमंग अस’ची आठवण करून दिली. तो गेम २०१८ मध्ये आला आणि जगभर गाजला २०२० मध्ये, स्ट्रीमर मंडळींनी उचलल्यावर. दोन वर्षं आधी कुणी ओळखलं होतं? मग आवडीचंच खेळावं. त्यानं ‘राजी’ लावला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधत निघालेली राजी बघताना हा आपल्या ताईबद्दल बोलत सुटला, अगदी घरच्या मराठीत. एरवी हिंदीत बोलायचा, जास्त लोक येतील म्हणून. त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा त्यानं यूट्यूबवर शॉर्ट, म्हणजे छोटा व्हिडिओ म्हणून टाकला.

तीन महिन्यांनी वही घेऊन आला. ३४ नावं. त्यातली नऊ प्रत्येक गेमला हजर, आणि या नऊ जणांतले चौघे त्या तुकड्यावरून आलेले. एकजण रेल्वेत रात्रपाळी करतो. एक बाळंतीण आहे, बाळाला पाजताना आवाज बारीक करून ऐकते. हे सांगताना तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला.

आकडा अजून वीस-पंचवीसच असतो. जाहिरातीच्या उत्पन्नासाठी यूट्यूबला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्स एक कोटी वेळा पाहिले जाणं) लागतं; हजार कधीच झालेत, तास बरेच बाकी आहेत. त्यामुळे दुकान सोडायचं नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलंय आणि त्यालाही ते पटलंय. वडील मात्र जेवताना अजून “किती मिळाले?” एवढंच विचारतात. पुढच्या भेटीला त्यांना बोलावलंय. बुधवार त्यानं नको म्हटलं, संध्याकाळी तयारी असते म्हणून. गुरुवार ठरलाय.