मंगेश या नावाचा अर्थ काय, मंगळ ग्रहाशी काही संबंध आहे का?

नाही, मंगळाशी काही संबंध नाही, मंगेश म्हणजे शंकर, आणि हे नाव थेट आमच्या गोव्यातल्या मंगेशीच्या देवावरून आलंय. बरेच जण मंगल अधिक ईश अशी फोड करतात पण त्याचं मंगलेश होईल, मंगेश नाही. देवस्थानाची कथा अशी की सारीपाटात पार्वतीकडून सगळं हरल्यावर शंकर गोमंतकात निघून आला, ती शोधत आली तेव्हा त्याने वाघाचं रूप घेऊन तिला घाबरवलं आणि ती ओरडली ‘त्राहि मां गिरीश’, म्हणजे हे गिरीशा मला वाचव. त्यातल्या ‘मां गिरीश’चं मांगिरीश झालं आणि बोलता बोलता मंगेश. किती सुंदर आहे बघा, भक्ताची हाकच देवाचं नाव झाली! मूळ देऊळ कुशस्थळी म्हणजे आताच्या कुठ्ठाळीला होतं, पोर्तुगीजांच्या भीतीने 1560 मध्ये लिंग फोंड्याकडे प्रियोळला हलवलं, तीच आजची मंगेशी. मंगेशकर आडनाव पण याच गावावरून. फक्त एक, ही व्युत्पत्ती पुराणकथेतली आहे, भाषाशास्त्राने सिद्ध केलेली नाही, दुसऱ्या परंपरेत भागीरथीकाठच्या मांगिरीश पर्वतावरून नाव आलं असं सांगतात. पण दोन्हीकडे देव शंकरच, त्यामुळे बाळाचं नाव ठेवायचं असेल तर अर्थाबद्दल बिनधास्त रहा.